पुरेसा दोर

आधीच सांगून ठेवतो, हे तुम्हाला पटणार नाही. कसबा बावड्यात तर माझं काहीच कुणाला पटत नाही. मी 'आज रविवार' म्हटलं तरी लोक कॅलेंडर बघून येतात. तरी सांगतो. गेल्या रविवारी दुपारी सव्वातीनला, मी चहात खारी बुडवत असताना, माझी सख्खी नात विहिरीत बुडत होती. तिला बुडू द्यायचं की वर काढायचं हे सर्वस्वी माझ्या जिभेवर होतं, आणि शहात्तर वर्षांत पहिल्यांदा ती जीभ अडली. सापानं नाही, भुतानं नाही. सापाभुतांशी माझं चांगलं जमतं. अडली ती एका साध्या प्रश्नानं. "पुरेसा म्हणजे किती, तात्या?"

विहीर खरी नव्हती. ती आमच्या माडीवरच्या खोलीत, जेवणाच्या जुन्या टेबलावर, माझ्या बोलण्यात होती. माझी नात ऐश्वर्या आणि तिची दोन दोस्तमंडळी दर रविवारी तिथं एक खेळ खेळतात. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत. एकजण सांगणारा, बाकीचे गोष्टीतली माणसं. सांगणारा म्हणतो, पुढं दरी आहे. एखादा म्हणतो, मी उडी मारतो. मग वीस बाजूंचा एक फासा टाकायचा, आणि पडलेल्या आकड्याचा मान राखून उडीचं काय झालं ते सांगणाऱ्यानं सांगायचं. त्यांचा पहिला सांगणारा नोकरी लागून पुण्याला गेला, खेळ बंद पडायला आला, तेव्हा ऐश्वर्या खाली येऊन म्हणाली, "आज्जा, तुम्ही जन्मभर दुसरं काय केलंय? चला वर." तसा मी वर गेलो. नियमांचं तीनशे पानांचं इंग्रजी पुस्तक होतं, ते मी खुर्चीच्या डुगडुगत्या पायाखाली सरकवलं. कट्ट्यावर मी तोंड उघडलं की तात्यासाहेब मगदूम सुरू झाले म्हणून लोक चपला शोधतात. इथं तीन तरणी माणसं तीन तास माझ्या तोंडाकडं बघत बसत होती. वर मी सांगितलेलं वहीत लिहून घेत होती. आयुष्यात माझं बोलणं कुणी लिहून घेतलं नव्हतं. सोमवारपासून मी रविवारची वाट बघायला लागलो. सकाळी देवळात जाऊन आलो की अंगणात फेऱ्या मारत पुढचा डोंगर, पुढचा चोर, पुढची वाट रचत राहायचो. पद्मावती, म्हणजे आमच्या घरातली, खिडकीतून बघायची आणि काही बोलायची नाही. ती कधीच काही बोलत नाही. माझ्या गोष्टी सुरू झाल्या की ती भांडी लावायला घेते.

आता ही जी दोन दोस्तमंडळी, त्यांची गंमत अशी की दोघं एकाच टेबलावर दोन वेगळे खेळ खेळत होती. राजवीर एकेकाळी तालमीतला. एकोणिसाव्या वर्षी मातीत गुडघा फिरला, कुस्ती सुटली. आता व्यायामशाळेत दुसऱ्यांना वजनं उचलायला शिकवतो. त्याला सगळं खरं लागतं. पखालीत पाणी किती, मशाल किती वेळ जळेल, पाठीवरच्या ओझ्यानं चाल किती मंदावली. एकदा मी त्यांना एका दिवसात गारगोटीपासून घाटाखाली पोचवलं तर त्यानं फोनवर नकाशा काढून मला अंतर दाखवलं. "तात्या, माणसं हायीत का घारी?" निशिगंधाचं उलटं. ती दवाखान्यात लोकांचं रक्त काढते, सहा दिवस, आठ ते पाच. ती म्हणायची, "आठवडाभर खरंच असतंय की सगळं. रविवारी तरी मला उडू दे." त्यावर राजवीर म्हणायचा, "उडायला पडायची भीती पायजे. पडल्यावर लागत नसंल तर ते उडणं न्हवं, ते पाळण्यात बसणं." मी दोघांना सांभाळून घ्यायचो. राजवीरला गुडघाभर चिखल द्यायचा, निशिगंधाला त्या चिखलात उगवलेलं सोन्याचं कमळ. माझ्या धंद्यातली ही जुनी खुबी. खोट्याच्या पायाला खरा चिखल लावला की ते घरात घेतात.

पण हळूहळू चिखल कमी पडायला लागला. त्या रविवारी दोघं येतानाच गाल फुगवून आली होती. जिन्यात काहीतरी बोलणं झालं असावं. राजवीरनं बसता बसता जाहीर केलं, की आज पुन्हा 'झालं बाबा कसंतरी' असा निकाल लागला तर आपण उठणार, परत येणार नाही. निशिगंधा म्हणाली, आज पुन्हा गणितं निघाली तर आपण उठणार. ऐश्वर्यानं माझ्याकडं पाहिलं. तिघांतलं एक गेलं की खेळ संपला, हे सांगायला मोजणीदार लागत नव्हता. तासाभरात ऐश्वर्याच्या फाशावर एक पडला, म्हणजे सर्वांत वाईट, आणि तिची बाई, गडावरची जासूद, पळता पळता विहिरीत गेली. विहीर मी तिथं ठेवली नव्हती. तोंडातून निघून गेली. "पडीक विहीर," मी म्हणालो, "पाणी चार परस खाली, चार माणसं एकावर एक उभी केली तरी वर न पोचणारी, आणि पायऱ्या ढासळलेल्या." राजवीरचा मशालजी दूर खिंडीत लढत होता. विहिरीच्या काठावर एकटी निशिगंधाची वैदीण. ती म्हणाली, "मी दोर टाकते." मी म्हणालो, "टाक. दोर आहे, पुरेसा आहे." आणि तिथं राजवीरनं पेन्सिल खाली ठेवून तो प्रश्न विचारला.

पुरेसा म्हणजे किती. चांगलाच प्रश्न होता. छत्तीस वर्षं मी सरकारी मोजणीदार होतो आणि हा एवढाच प्रश्न मला लोक विचारत होते. तेहतीस फुटांची लोखंडी साखळी, सोळा आण्यांत वाटलेली; ती उन्हात तापून हाताला चिकटायची आणि थंडीत ओढताना पोटऱ्यांवर आपटायची. कळंब्याच्या तळ्याकडच्या रानात दोन भाऊ कोयते घेऊन बांधाच्या दोन अंगांना उभे, आणि मधून मी साखळी टाकत चाललेला. त्या दिवशी एका आण्याची चूक म्हणजे एक मुडदा. मी एक आणा इकडचा तिकडं केला नाही. कुठंच केला नाही, विचारा कुणालाही. मात्र संध्याकाळी चहाच्या टपरीवर त्याच बांधाची गोष्ट सांगताना कोयत्यांच्या तलवारी झालेल्या असायच्या आणि तळ्यातून सुसर बाहेर आलेली असायची. त्यात मला कधी विसंगत वाटलं नाही. दिवसभर मापात चालणाऱ्या माणसाला रात्री पाय पसरून झोपायला मिळावं, तेवढंच ते. गोष्टीतला दोर हात-फुटांत नसतो. खालचा माणूस वर येईपर्यंत तो लांब असतो. पण हे मी मनात म्हणालो आणि त्याच वेळी, कारण नसताना, मला दोराचं टोक दिसलं. लोंबकळणारं, ओलं, आणि पाण्यापासून वर. दोनेक हात वर. हळूहळू गोल फिरणारं.

"आज्जा?" ऐश्वर्या म्हणाली. "मी बुडतेय अजून. विसरला काय?"

"नात हाय म्हणून पुरेसा," राजवीर म्हणाला. "मागल्या रविवारी माझ्या मशालजीचा खांदा निखळला तवा न्हाई काय पुरेसं निघालं." तो हे ओरडून बोलला नाही, आणि तेच वाईट होतं. त्यानं वही मिटली, पिशवीत घातली, आणि उठताना सवयीनं उजव्या गुडघ्यावर तळहात दाबला. निशिगंधा म्हणाली, "जा की. तुला कुणी मरंपर्यंत बरंच वाटत न्हाई." तो म्हणाला, "तसं न्हवं गं. पडलेला माणूस उठतो कसा, तेवढंच बघायचं हाय मला. नुसता 'उठला' म्हणू नका." खाली साखर कारखान्याकडून मळीचा गोडसर, कुजका वास येत होता, हंगामात आमच्याकडं तो असतोच. मला त्या वासातही पुढचे रविवार दिसले. अंगण, फेऱ्या, आणि रचलेलं ऐकायला कुणी नाही. मग मी ते केलं जे या खेळात सांगणाऱ्यानं करू नये. माझ्या खिशातली खरी गोष्ट काढून टेबलावर ठेवली. म्हणालो, "थांब राजवीर. असं होतं. मी स्वतः केलंय. साक्षीदार मीच."

ही गुंडूची गोष्ट. गारगोटीला बदली होती तेव्हा तिथल्या सगळ्या तलाठ्यांना ती पाठ होती. मी बारा वर्षांचा, मे महिना, आजोळी शिरोळकडं मामाच्या मळ्यात. शेजारच्या मळ्यातला गुंडू, माझ्याच वयाचा, पण अंगानं दांडगा, विहिरीच्या कठड्यावरून चालून दाखवतो म्हणाला आणि गेला. मोठी माणसं बाजारला. मी मोटेचा नाडा, मनगटाएवढा जाड दोर, खाली सोडला आणि एकट्यानं त्याला वर ओढून काढला. गारगोटीत सांगायचो तेव्हा त्या नाड्यावर एक नागही होता. पुढं एका बैलानं मदत केली, मग बैल मला दुबळा वाटायला लागला म्हणून काढून टाकला. गुंडू मोठेपणी मिलिटरीत गेला. कुणी त्याचा पत्ता विचारला की तो आणखी लांबच्या ठाण्यावर जायचा. शेवटी एक पावणं त्याला भेटायलाच निघाले, तेव्हा तो बर्फात वारला. माणूस चांगला होता. आजही त्याची आठवण आली की माझ्या तोंडाला धुण्याच्या सोड्याची चव येते. का ते मला कळत नाही. खारट, बुळबुळीत, दातांत धरल्यासारखी.

त्या दुपारी मी नाग घातला नाही, बैल घातला नाही. राजवीर उभाच होता, त्याच्यासाठी मी सगळा खरा चिखल ओतला. सांगता सांगता मला थांबता येईना. विहिरीच्या आतल्या दगडांवरचं शेवाळ, त्यावर नखं रुतत नाहीत, नखांतच शेवाळ जातं. सांधीतून उगवलेलं उंबराचं रोप, धरलं की मुळासकट हातात येतं. पाणी वरच्या वितीभर कोमट आणि त्याखाली एकदम गार, म्हणजे मान उन्हाळ्यात आणि पाय हिवाळ्यात. कपारीतले पारवे हाक मारली की फडफडतात आणि त्यांच्या फडफडाटात आपली हाक आपल्यालाच ऐकू येत नाही. आणि वर आभाळ. भाकरीएवढं. कडेनं जरा करपलेलं. त्या भाकरीत मधूनच एक डोकं येतं, दोन वेण्या खाली लोंबतात आणि पुन्हा नाहीशा होतात, आणि प्रत्येक वेळी वाटतं की आता गेलं ते परत येणार नाही. मी बोलत होतो आणि टेबलावर कुणी हलत नव्हतं. निशिगंधाच्या हातातला फासा घामानं चिकटला होता. राजवीरनं पिशवी खाली ठेवली होती, ते मी तिरप्या नजरेनं पाहिलं, आणि मला वाटलं, जिंकलं. पन्नास वर्षं सांगतोय, पण असं कधी जमलं नव्हतं.

"वजन किती हुतं गुंडूचं?" राजवीरनं विचारलं. आवाजात आता राग नव्हता, नुसती विचारपूस.

"असंल की पस्तीस किलो."

"आनि तुमचं?"

"तीस."

"भिजलेला माणूस, सरळ वर, चार परस. तीस किलोच्या पोरानं." त्यानं मान हलवली. "तात्या, मी रोज लोकांस्नी वजनं वढताना बघतो. हाताची साल निघंल. खांदा निखळंल. तुम्ही आत जाऊन पडाल."

"पडलो नाही."

"बरं. तुम्ही वढला आसं धरू. पण हितं वढणारी कोण? वैदीण. वहीत काय लिवलंय बघा, पंचेचाळीस किलो. ती जासुदाला वढणार? बाईमाणसाला झेपंल का?"

"ए, बाईमाणसाचं काढू नकोस हं," निशिगंधा म्हणाली.

मी दोन्हीकडं पाहिलं. राजवीर अजून उभा होता, पण खुर्चीला हात लावून. एवढंसं काहीतरी त्याच्या पदरात टाकलं असतं तर तो बसला असता. वैदिणीचं मग पुढं बघता आलं असतं, जासुदाला उचलायला झाडावरून वाघळं उतरवता आली असती, वाघळांना दोर लागत नाही. मोजणीतही असंच करतात, वाद घालणाऱ्याला आधी बांधावरचं एक झाड देऊन टाकायचं, मग बांध आपल्याला पाहिजे तिथून नेता येतो. मी म्हणालो, "हां, ते मात्र राजवीरचं खरं. मी पोरगा होतो म्हणून निभावलं. पोरीबाळीचं ते काम नव्हं."

जिन्यात पातेल्यावर झाकण आपटावं तसा एक बारीक आवाज झाला आणि थांबला. पद्मावती उप्पीट घेऊन वर येत होती. माझं लक्ष गेलं, पण मी ते जाऊ दिलं. माझ्या मामाची मुलगी ती. आमच्यात मामाची मुलगी करतात, लहानपणापासून ठरलेलंच असतं. एका मळ्यात खेळलेली माणसं पुढं बावन्न वर्षं एका घरात राहिली की त्यांना एकमेकांचे आवाज ऐकू येत नाहीत, भिंतीवरच्या घड्याळासारखं. माझं सगळं ध्यान राजवीरकडं होतं. तो बसला नव्हता. तो माझ्याकडं विचित्र बघत होता, तालमीत दुसऱ्याचा पाय कुठं कच्चा पडतोय ते हेरताना बघत असेल तसा.

"एक सांगा तात्या," तो म्हणाला. "तुम्ही वर हुता न्हवं? काठावर, नाडा धरून?"

"मग?"

"मग आभाळ भाकरीएवढं कुणाला दिसलं?"

खोली होती तेवढीच राहिली, पण मला तिचं छत लांब गेल्यासारखं वाटलं. उत्तर होतं माझ्याकडं. गुंडूनं नंतर सांगितलं. किती सोपं, गुंडू मेलेला, बर्फाखाली, तो थोडाच नाही म्हणणार होता. जिभेवर शब्द आला आणि त्याला सोड्याची चव होती. मला वेण्या दिसल्या, लाल फितीच्या. एक वेणी सुटलेली. आणि ओलं टोक, ज्याला हिरवा काठ होता, दोन हात वर, हळू फिरणारं. मग ते टोक सरसर वर निघून गेलं होतं. तो वेळ मी आजवर कुठल्याच गोष्टीत घातला नाही. टोक वर गेल्यापासून पुन्हा खाली येईपर्यंतचा. त्याला माप नाही. त्यात पारवे सुद्धा गप्प होते.

"नाडा कुठला?" पद्मावती म्हणाली. ती दारात उभी होती, पातेलं कमरेवर. पोरांशी ती सहसा 'घ्या, खावा' एवढंच बोलते, म्हणून सगळ्यांनी वळून पाहिलं. "नाडा मोटेसंगं काढून ठेवलेला, उन्हाळ्यात मोट बंद. आनि वढायचं कशाला? बळ कशाला लागतंय त्याला? खांबाला गाठ मारायची, मधी मधी गाठी टाकायच्या पाय ठेवायला, आनि वरनं खालच्याला शिव्या घालायच्या. चढतंय आपल्या आपण."

राजवीर खुर्चीत बसला. पिशवीतून वही काढली. "कशाची गाठ मारायची, आज्जी? दोर तर न्हाई म्हणताय."

"लुगडं. आईचं. धुवायला बसली हुती मी तितं, धा वर्साची. नऊ वार, हिरव्या काठाचं." तिनं पातेलं टेबलावर ठेवलं, फासे बाजूला सारले. "आनि पुरेसं कुठलं? दोन हात कमी पडलं. परत वर वढून काकीचं जोडलं, मग पुरलं. दातांत धरलं हुतं त्येनं, सोड्याचं पानी हुतं अजून त्यात."

"म्हणजे वैदिणीला जमतंय," निशिगंधा म्हणाली.

"जमतंय," राजवीर लिहिता लिहिता म्हणाला. "नऊ वार, अधिक नऊ वार. मधी गाठी. असं सांगायचं की." मग त्याची पेन्सिल थांबली. "पण आज्जी, गुंडू तर दांडगा हुता म्हणं. चढला?"

"आज्जी, तू गुंडूला बघितलंयस?" ऐश्वर्यानं विचारलं. "खरंच?"

पद्मावतीनं पहिली बशी भरली, ती माझ्यापुढं सरकवली, आणि बावन्न वर्षांत जशी कधी बघितली नव्हती तशी, काठावरून वाकून बघावं तशी माझ्याकडं बघत म्हणाली, "कसला गुंडू? कुनाला सांगू नगंस म्हणून माझ्या गळ्याची शपथ घातली हुतीस, म्हणून गप बसली. हिरीत तू हुतास."